कामाचे गाव आणि राहायचे घर



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी दिवेलागणीला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी म्हटले, "अरे, हे काय करून घेतलंस?" तर हसून म्हणाला, "गुरुजी, घरभाडं वाचवलं."

हा मुलगा दौंड तालुक्यातला, भीमेच्या काठच्या एका गावचा. आजोबांची जमीन चुलत्यांत वाटली, वडिलांची भावांत वाटली, आणि त्याच्या वाट्याला आला तो ऊस मोळीत बांधता येईल एवढाच. आय.टी.आय. झाला होता. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत काम लागले. घरापासून कारखाना सुमारे चाळीस किलोमीटर. खोली भाड्याने घेण्यापेक्षा मोटारसायकलीवर येऊन-जाऊन करावे, असा त्याने विचार केला. घरचे जेवण, आईची सोबत, मुलीची शाळा गावातच. वाईट काय त्यात? दुसरी पाळी सुटली की तो मध्यरात्री निघायचा. एका रात्री डोळा लागला. समोर उसाची ट्रॉली उभी, मागे दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. अगदी जवळ गेल्यावर दिसली. गाडी खड्ड्यात घातली म्हणून हातावर निभावले.

आज याच विषयावर तुमच्याशी चार शब्द बोलावयाचे आहे. नोकरी एका गावी आणि परवडेल असे घर दुसऱ्या गावी, हा प्रश्न आपल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत आता घरोघरचा झाला आहे.

या दोन तालुक्यांची गंमत पाहा. मधून भीमा वाहते. शिरूरकडे कारखाने आले, पण रेल्वे नाही. पुणे-नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगाव गणपती, कारेगाव असे करीत शिरूरपर्यंत माणसांची रीघ लागलेली. शिरूर शहर घोडनदीच्या काठी, पुण्यापासून सुमारे सदुसष्ट किलोमीटर. जावयाचे तर एस.टी., कंपनीची बस, नाहीतर आपली फटफटी. उलट दौंडला दीडशेहून अधिक वर्षांपासून रेल्वे आहे. १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला तेव्हापासून ते मोठे जंक्शन. तेथून पुणे सुमारे पंच्याहत्तर किलोमीटर. वाटेत पाटस, केडगाव, यवत, उरुळी, लोणी अशी स्टेशने. म्हणजे काम मुख्यतः नदीच्या एका बाजूला आणि स्वस्त प्रवास दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी झाली. दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत खरे, पण तेथे काम करणाऱ्यांना दौंड शहर जवळ पडते. त्यांची गोष्ट त्यामानाने सोपी.

आता हिशेब करू. त्या संध्याकाळी मी पाटी घेतली नाही एवढेच, बाकी शाळेतल्यासारखेच त्याला विचारले. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास देते. म्हणजे रोज १.६ लिटर. सोपे पडावे म्हणून पेट्रोल शंभर रुपये धरू. प्रत्यक्षात त्याहून महागच आहे. रोजचे १६० रुपये झाले. महिन्याचे सव्वीस दिवस काम, म्हणजे ४,१६० रुपये. तेल, टायर, दुरुस्ती वेगळी. पोरगा गप्प झाला. म्हणाला, "एवढ्यात तर खोली येती, गुरुजी." आता वेळेचा हिशेब घ्या. रोजचे दोन तास धरले तरी महिन्याचे बावन्न तास. आठ तासांची एक पाळी म्हटली तर साडेसहा पाळ्या तो बिनपगारी रस्त्यावर काढीत होता, त्यातल्या निम्म्याअधिक अंधारात.

आपण घराचा भाव काढताना नेमकी हीच चूक करतो. "तिकडं दीड हजारानं स्वस्त मिळती" एवढे ऐकले की पिशवी भरून निघतो. भाडे, प्रवास आणि झोप या तिन्हींची बेरीज केल्याशिवाय कोणते घर स्वस्त हे कळतच नाही. आणि पाळी बदलती असेल तर शेवटची गाडी केव्हा सुटते हे भाड्याच्याही आधी विचारावे. दिवसपाळीला सोयीचे असलेले गाव रात्रपाळीला परदेश होते. कायम कामगाराला पुष्कळ ठिकाणी कंपनीची बस असते. ठेकेदाराच्या माणसाला ती मिळेलच असे नाही. कामावर लागतानाच "बस आहे का, कुठल्या फाट्यापर्यंत येते, तिन्ही पाळ्यांना येते का" हे तोंड उघडून विचारावे. त्यात लाज कसली?

रेल्वेच्या बाजूला राहणाऱ्याचे गणित निराळे. पुण्यात किंवा हडपसरला काम असेल, तर केडगाव-यवतकडे घर ठेवून मासिक पास काढणे आजही सर्वांत स्वस्त. रोज तिकीट काढण्याच्या मानाने पास फारच कमी पैशांत पडतो. तिमाही पासाला तीन महिन्यांऐवजी २.७ महिन्यांचेच पैसे द्यावे लागतात. असा पास दीडशे किलोमीटरपर्यंत मिळतो. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलग्यांना बारावीपर्यंत रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य आहे, हे शिक्षक मंडळींनी आवर्जून सांगावे. पुष्कळांना ठाऊक नसते. एस.टी.च्या मासिक पासालाही वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे अर्धेच तिकीट पडते. घरातली बाई कामावर जात असेल तर हा आकडाही बेरजेत धरावा.

स्वस्त पासाने काय होते याचा एक जुना दाखला आहे. युरोपात बेल्जियम नावाचा लहानसा देश आहे. तेथल्या सरकारने १८७० च्या सुमारास रेल्वेवर कामगारांसाठी अगदी स्वल्प दराची तिकिटे काढली. त्यामुळे हजारो माणसे आपल्या खेड्यात, आपल्या परसातल्या भाजीपाल्याजवळ राहिली आणि रोज शहरात कामाला जाऊन आली. इंग्लंडातही १८८३ साली कामगारांच्या स्वस्त गाड्यांचा कायदा झाला. घरांचा प्रश्न नुसती घरे बांधूनच सुटतो असे नव्हे. गाडी वेळेवर सोडूनही थोडाफार सुटतो. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाले, २०१७ साली डेमू गाडी सुरू झाली. परंतु मुंबईसारखी ठराविक अंतराने सुटणारी उपनगरी लोकल मिळावी ही इकडच्या प्रवाशांची मागणी जुनी आहे. पहाटे दौंडच्या फलाटावर डबा हातात घेऊन उभी असलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला ती मागणी समजावून सांगावी लागत नाही.

पण माझ्या विद्यार्थ्याला या रेल्वेचा काय उपयोग? त्याचे काम नदीपलीकडे. न्हावरा-चौफुला रस्त्याने तो रोज जातो. त्या बाजूला रूळ नाहीत. तेव्हा खोली पाहणे भाग होते.

खोलीविषयी मी थोडे अनुभवाने बोलतो. नोकरीच्या सुरुवातीला मीही शिरूर तालुक्यातल्या एका गावी खोली घेऊन राहिलो. पहिल्या घरमालकाने अनामत रक्कम घेतली, पावती दिली नाही. मी मागितली नाही. मास्तराने पैशाबद्दल अविश्वास दाखवावा कसा, असे वाटले. सोडताना ते म्हणाले, "भिंतीला खिळे ठोकलेत." अनामत खिळ्यांवर गेली. दुसऱ्या घरी एक आक्का होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी वहीचे पान पुढे केले. "मास्तर, लिवा हितं. किती दिलं, कशाचं दिलं. मला वाचता येत नाही, पर तुमी लिवलेलं माझा नातू वाचंल." तेथे मी नऊ वर्षे राहिलो.

आक्कांनी जे वहीत केले तेच आता कायद्यात आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो जेथे लागू आहे तेथे भाड्याचा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, भाडेकरूवर नाही. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. घरमालकांनी हे ध्यानात ठेवावे. करार ही भाडेकरूची चैन नाही, मालकाचेही संरक्षण आहे. तुमचे गाव त्या कायद्यात बसो वा न बसो, कागद करावा. अनामत किती, परत केव्हा, लाईटबिल स्वतंत्र मीटरचे की अंदाजाचे, पाणी कोणते आणि किती वेळ, हे त्यात लिहावे.

पाण्याचे तर मुद्दाम सांगतो. खोली पाहावयास पावसाळ्यात जाऊ नये, आणि गेलात तर शेजारच्या भाडेकरणीला विचारावे, "ताई, एप्रिल-मेमध्ये पाणी कुठनं आणता?" मालक सांगणार नाही ते ती सांगेल. टँकरचे पैसे भाड्यात आहेत का वर, संडास किती खोल्यांमध्ये एक, पत्रा आहे की स्लॅब, हेही पाहावे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला वैशाखात पत्र्याखाली दुपारी झोप लागत नाही, आणि न झोपलेला माणूस यंत्रावर उभा राहतो.

आणि आता जरा आपल्याच लोकांशी बोलतो. कारण ऐकणाऱ्यांत खोली घेणारे जसे आहेत तसे खोल्या बांधणारेही आहेत. आपण शेतकरी होतो, आता रस्त्याकडेच्या कितीतरी गावांत घरमालक झालो. जमिनीला मोल आले, आनंदच आहे. पण एका ओळीत दहा बाय दहाच्या बारा खोल्या काढून शेवटी एक संडास बांधायचा, खिडकी नाही, सांडपाणी शेजाऱ्याच्या बांधाला सोडायचे, हे काही बरे नव्हे. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तरेकडून आलेली ही पोरे कोणाची तरी लेकरेच आहेत. आपला मुलगा पिंपरी-चिंचवडला अशाच खोलीत राहत असेल.

यात शाळेचाही भाग येतो. कामगार खोली बदलतो, तशी मुले गाव बदलतात, आणि दाखल्यावाचून दोन-चार महिने घरी बसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, दाखला यावयाला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवावयाचे असते. शिक्षकांना हे माहीत आहे, पण पालकांना माहीत नाही. चाळीत एकदा फेरी मारली तर किती मुले सापडतात ते पाहा. (शिक्षकांनी स्वतः मुख्यालयी राहण्याविषयी मात्र मी बोलत नाही. तो विषय काढला तर हे भाषण वेळेत संपणार नाही, आणि रोज दौंडहून येणारे माझे दोन मित्र रागावतील.)

दुसरा मोह गुंठ्याचा. भाडे भरण्यापेक्षा एक गुंठा घेऊन टाकू, असे पुष्कळांना वाटते. वाटणे साहजिक आहे. परंतु तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे आणि शेतजमिनीचा लहान तुकडा सरळ विकता येत नाही. २०२५ साली शासनाने त्यात काही सवलती देण्याचे ठरवले. पण तुमचा तुकडा त्यात बसतो की नाही हे एजंटाच्या तोंडून नव्हे, तलाठी कार्यालयातून समजून घ्यावे. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सात-बारावर किती नावे आहेत, बिनशेती झाली आहे का, रस्ता कागदावर आहे की नुसता बोटाने दाखवलेला, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. नुसत्या नोटरीच्या कागदावर घेतलेल्या गुंठ्याला घर बांधता येईल, पण बँक कर्ज देईल असे नाही.

असो. माझ्या विद्यार्थ्याचे प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघते आहे. कारेगावला एक खोली पाहून ठेवली आहे. कारखान्यापर्यंत चालत जाता येते. भाडे त्याच्या पेट्रोलापेक्षा थोडे जास्त आहे. बायको म्हणते, मुलीचे वर्ष पुरे होऊ दे, मग येते. आई म्हणते, मी गुरे सोडून कुठं येऊ? तेव्हा तूर्त तो एकटा राहील आणि सुट्टीला दिवसाउजेडी घरी जाईल. रविवारी मी त्याच्याबरोबर खोली पाहावयास जाणार आहे. नळ सोडून बघणार आहे, आणि अनामतीची पावती मीच मागणार आहे. त्याला अजून लाज वाटते.