कंबरदुखी आणि आपण



आजचा विषय घरोघरचा आहे. आम्ही डॉक्टर नाही, आरोग्य खात्यात उमेदीची वर्षे घालवलेले कार्यकर्ते आहोत. शिरूर-दौंड भागातील वस्त्यांवर फिरताना एक तक्रार आम्ही सर्वांत जास्त ऐकली, "कंबर धरलीय, पायात कळ जाते."

यात नवल नाही. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या फडात नवरा-बायकोचा कोयता दिवसभर वाकून चालतो आणि मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचे असते. दौंड जंक्शनला रुळांची देखभाल करणारे बांधव आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत आमची मुले पाळीभर उभी राहतात किंवा वजने उचलतात. विटभट्टी आणि गुऱ्हाळ यांचे कष्ट तर वेगळे सांगायला नकोत. कष्टकऱ्याची कंबर हेच त्याचे भांडवल आहे.

आता कारणे पाहू. पाठीच्या मणक्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. चकती फाटून आतला मऊ भाग बाहेर सरकला की पायाकडे जाणाऱ्या शिरेच्या मुळाला त्रास होतो. कळ ढुंगणातून मांडी, पोटरी आणि पावलापर्यंत उतरते. खोकला-शिंक आली तर वाढते. आयुर्वेद याला गृध्रसी म्हणतो, इंग्रजी वैद्यकात सायटिका. चकतीचा आणि या कळेचा संबंध मिक्स्टर व बार या अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली स्पष्ट मांडला. उतारवयात शिरांची वाट अरुंद झाल्यानेही चालताना पाय भरून येतात, बसले की बरे वाटते. मात्र बहुतेक कंबरदुखीत एकच एक बिघाड सापडत नाही. स्नायूंचा ताण, कामाची पद्धत, अपुरी झोप आणि काळजी असे सगळे मिळून दुखणे होते.

"मणक्यात गॅप पडला" हे वाक्य ऐकून माणूस खचतो. पण ज्यांना काहीही दुखत नाही अशा अनेकांच्याही एमआरआयमध्ये झिजलेल्या चकत्या दिसतात. फोटोवर नव्हे, माणसावर उपचार करायचे असतात.

आमच्या घरातलेच उदाहरण सांगतो. आमच्या थोरल्या बंधूंना अशीच कळ लागली. आधी पायाळू माणसाची लाथ खाल्ली, मग डाग घेतले, मग कुणीतरी दिलेल्या पुड्या. पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटू लागली, तरी आम्ही "बरे होईल" म्हणत चार महिने घालवले. पुढे शस्त्रक्रिया झाली, कळ गेली. पाऊल मात्र आजही फरफटते. दोष पुड्या देणाऱ्याचा जितका, तितकाच शिकलेल्या आमचा.

म्हणून ही लक्षणे पाठ करा. लघवी अडणे किंवा कळत-नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागेत बधिरपणा, पायातली शक्ती वाढत्या प्रमाणात कमी होणे. असे झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. आमच्या भगिनी लाजेने हे सांगत नाहीत. घरातल्यांनी विचारले पाहिजे. ताप, वजन घटणे, रात्रीची न थांबणारी वेदना असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

अशी लक्षणे नसतील तर घाबरू नका. सायटिकाची कळ बहुतेकांची सहा आठवडे ते तीन महिन्यांत बरीच उतरते. अंथरुणाला खिळून राहू नका, सोसेल तितके चाला. शेकाने आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण त्या पोटाला व मूत्रपिंडाला बाधतात. तीन महिन्यांहून जुने दुखणे असेल तर नियमित व्यायाम हाच मुख्य उपाय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम व रुग्णशिक्षणावर भर आहे. जुन्या कंबरदुखीला पट्टा बांधणे व वजने लावून ओढणे यांची शिफारस केलेली नाही. पायाची ताकद जात असेल किंवा योग्य उपचारांनीही असह्य कळ हटत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

पण उचल घेतलेल्या मजुराला "विश्रांती घ्या" म्हणणे सोपे आहे. खाडा पडला की पैसे कापतात. त्याला सांगावे की मोळी लहान बांध, उचलताना दोघे लागा, ओझे अंगाजवळ धर, वाकण्याच्या कामात मधून मधून ताठ हो. आणि ओझे कमी करण्याची मागणी एकट्याने नव्हे, संघटितपणे करा.

दीघ निकायातील संगीति सुत्तात एक प्रसंग आहे. पावा नगरीत मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश झाल्यावर तथागतांनी आपली पाठ दुखते असे सांगितले, पुढचे प्रवचन सारिपुत्तांवर सोपवले आणि स्वतः उजव्या कुशीवर विसावले. दुखणे त्यांनी लपवले नाही, काम मात्र सोबत्याने पुढे नेले. आपल्या घरात, फडात, कारखान्यात इतके जरी आपण शिकलो तरी पुष्कळ झाले.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!