देखावा आणि प्रतीक

डोंबिवलींत १९९९ सालीं गुढीपाडव्याची नववर्ष-स्वागतयात्रा सुरू झाली आणि पुढें ठाणें, कल्याण आदि शहरांनीं तिचें उत्साहानें अनुकरण केलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत ‘द मॅट्रिक्स’ हा वैज्ञानिक कल्पनेवर रचलेला बोलपट प्रदर्शित झाला. या दोन गोष्टींचा वरवर पाहतां कांहींच संबंध नाहीं. परंतु बोलपटानें जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर यात्रेच्या रस्त्यावर सांपडण्याजोगें आहे.

बोलपटाचें कथानक असें : यंत्रांनीं मनुष्यजातीस जिंकलें आहे. माणसांचे देह पात्रांत निजलेले असून त्यांतून यंत्रें आपणांस लागणारी शक्ति काढून घेतात. मेंदूला मात्र घर, कचेरी, रस्ते यांचा अखंड भास पुरविला जातो. निओ नांवाच्या तरुणापुढें मॉर्फियस दोन गोळ्या धरतो. निळी घेतली तर निद्रा, तांबडी घेतली तर जागृति.

धर्मप्रतीकांची येथें रेलचेल आहे. मॉर्फियस हें ग्रीक पुराणांतील स्वप्नदेवतेचें नांव. ट्रिनिटी म्हणजे ख्रिस्ती धर्मांतील पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची त्रयी. मुक्त माणसांच्या नगराचें झायन हें नांव यहुद्यांच्या पुण्यभूमीचें. आणि नायक मरून पुन्हां उठतो. २००३ सालच्या तिसऱ्या भागांत सती नांवाची बालिका आणि तिचे मातापिता कमला व रामचंद्र भेटतात. अखेरच्या संगीतांत तर बृहदारण्यकोपनिषदांतील प्रार्थनाच ऐकूं येते. हें पाहून हा आपलाच मायावाद होय, असें आपल्याकडील प्रेक्षकांस वाटलें तर नवल नाहीं.

तथापि हें साम्य वरवरचें आहे. दोरीवर साप भासतो तेव्हां दोरीनें कोणास फसविलेलें नसतें. तेथें दोष पाहणाराच्या अज्ञानाचा, आणि दिवा आणतांच तो नाहींसा होतो. मॅट्रिक्समधील भास मात्र हेतुपुरस्सर रचलेला आहे. रचणाराचा त्यांत स्वार्थ आहे आणि तो स्वतः पडद्याआड आहे. त्यास माया न म्हणतां कपट म्हणावें. सायफर या पात्राची गोष्ट या दृष्टीनें मार्मिक आहे. ताटांतला मांसाचा तुकडा खोटा आहे हें तो जाणतो. तरी त्या चवीसाठीं त्याला परत निजावयाचें आहे. त्याची एक अट अशी : मागचें कांहींएक आठवूं नये. कपटांत सुखानें राहावयाचें तर विस्मृति लागतेच.

आतां स्वागतयात्रेंतील चित्ररथ पाहावा. रथावरचा राम शेजारच्या आळींतला विद्यार्थी, त्याचा मुकुट पुठ्ठ्याचा, हें सर्वांस ठाऊक असतें. तरीहि वृद्धांचे हात जोडले जातात. दादासाहेब फाळके यांनीं १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटाच्या आरंभीं आपली कन्या मंदाकिनी हिचे मुखभाव दाखविले आणि मग तिलाच कृष्णरूपांत उभी केली. कृष्णलीलेचा रस त्यामुळें उणा झाला नाहीं. भाद्रपदांत शाडूची मूर्ति कारखान्यांतून घरीं येते, तिची प्राणप्रतिष्ठा होते आणि दीड वा दहा दिवसांनीं तेंच कुटुंब तिला पाण्यांत सोडतें. येथें कोणास कांहीं विसरावें लागत नाहीं. रचना झांकली तर तें कपट. उघडी ठेविली तर तें प्रतीक.

हा नियम धर्मासहि सोडीत नाहीं. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो अशी वार्ता देशभर पसरली आणि देवळांपुढें रांगा लागल्या. द्रवाच्या पृष्ठताणामुळें दूध चमच्यांतून ओढलें जाऊन मूर्तीवरून खालीं ओघळतें, हें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. त्या खुलाशानें श्रद्धेचा अपमान झाला असें मानण्याचें कारण नाहीं. पुढच्या वर्षीं गणपति घरोघरीं पूर्वीप्रमाणेंच आले. गेला तो केवळ भ्रम.

आज यंत्रें हुबेहुब चेहरे व आवाज निर्माण करूं लागलीं आहेत आणि तीं चित्रें घरांतल्या मुलांच्या हातीं रोज पडतात. अशा वेळीं सर्वच खोटें म्हणून मुलांस बजावणें व्यर्थ आहे. त्यानें प्रतीकांवरचाहि विश्वास उडेल. समोरचें चित्र कोणी रचलें, कशासाठीं रचलें आणि रचणारानें तें उघड सांगितलें आहे काय, एवढें विचारण्याची संवय मुलांस लावावी. ज्या देखाव्याला या प्रश्नांचें भय नाहीं, त्यापुढें हात जोडण्यास हरकत नाहीं.