जहाजाचा दूरध्वनि-क्रमांक

पुण्यास समुद्र नाहीं. समुद्रावर गेलेल्या माणसांचीं घरें मात्र पुष्कळ आहेत. तळेगांवजवळ इंदुरीस १९९८ सालीं सागरी शिक्षणाची संस्था निघाली, पुढें लोणी काळभोर येथेंही निघाली, आणि येथून शिकलेले तरुण जगभर जहाजांवर चढतात. घरीं आजारपण ओढवलें म्हणजे त्यांना हांक कोठें मारावयाची, हा प्रश्न मागें राहणाऱ्यांचा असतो.

पूर्वीं जहाजास क्रमांक नव्हताच. ज्या जहाजांसाठीं निरोप आले असतील त्यांचीं संकेतनामें किनाऱ्यावरील बिनतारी केंद्र ठराविक वेळीं पुकारी, आणि जहाजावरील बिनतारी अधिकारी तेवढ्यासाठीं कान लावून बसे. १९७९ सालीं इनमारसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली व १९८२ पासून सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांमार्फत जहाजाशीं सरळ बोलतां येऊं लागलें. योगायोग असा कीं, भारतांत या कामाचें भूकेंद्र पुढें पुणें जिल्ह्यांतच झालें. जुन्नर तालुक्यांतील आर्वीस, जेथें १९७१ पासून उपग्रहाचें केंद्र होतेंच.

क्रमांक देतांना समुद्राला जणूं परदेशच मानण्यांत आलें. हिंदी महासागरास ८७३, अटलांटिकच्या पूर्व भागास ८७१, पश्चिम भागास ८७४, पॅसिफिकास ८७२. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलें जहाज अशा तीन मुलखांतून जाई. घरच्या वहींत जहाजाचा क्रमांक अचूक असूनही तें आज कोणत्या उपग्रहाखालीं आहे हें ठाऊक नसलें, तर फोन लागत नसे. तारायंत्राच्या काळांतही आईबापांना एवढा भूगोल शिकावा लागला नव्हता! पुढें ८७० हा एकच संकेतांक सर्व समुद्रांस लागू झाला, आणि २००८ अखेर जुने चारही बंद झाले.

नुसतें यंत्र बसवून मात्र क्रमांक मिळत नाहीं. जहाज कोणत्या देशाच्या निशाणाखालीं आहे, बिल कोण भरणार, हें मालकानें आधीं नोंदवावें लागतें. मगच यंत्र सुरू करून देतात. बोलण्याचा क्रमांक निराळा, फॅक्सचा निराळा. भारतांतून ०० लावून पुढें ८७० व मग यंत्राचा क्रमांक फिरवावयाचा. या बाजूनें केलेल्या फोनचा आकार घरच्यांवर पडतो, आणि तो साध्या परदेशी फोनहून पुष्कळ जड असतो.

शिवाय तो क्रमांक जहाजाचा, मुलाचा नव्हे. घंटा बहुधा सुकाणूच्या खोलींत वाजते. पहाऱ्यावरचा अधिकारी ती उचलतो. आतां जहाजावर इंटरनेट आल्यानें पुष्कळांना आपापल्या फोनवर घरचा आवाज मिळतो. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारांतील दुरुस्तीनें २३ डिसेंबर २०२४ पासून, शक्य तेथवर, ही सोय पुरविणें मालकांकडे आलें आहे. "शक्य तेथवर" या दोन शब्दांत मालकास पळवाट पुष्कळ आहे. म्हणून मुलगा निघतांना कंपनीच्या कचेरीचा क्रमांक आणि जहाजाचा ८७० चा क्रमांक, दोन्ही घरीं लिहून ठेवावे. फोन करण्यापूर्वीं जहाजावर किती वाजले असतील तेंही पाहावें. आणि प्रश्न विचारल्यावर क्षणभर थांबावें, कारण उत्तर त्या उंचीवरून फिरून येतें.