संगणकाचा बूट लोडर बदलताना घ्यावयाची दक्षता



संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर कामकाज दिसू लागेपर्यंतच्या अल्पावधीत एक छोटी आज्ञावली मोलाचे कार्य पार पाडते. तिला बूट लोडर म्हणतात. लिनक्स प्रणालीचा कर्नल, म्हणजे गाभा, हार्ड डिस्कवरून शोधून आणणे व त्याच्या हाती कारभार सोपविणे, एवढेच तिचे काम. परंतु तेवढे चुकले, तर दप्तराच्या सर्व नोंदी जागच्या जागी असूनही संगणक सुरू होत नाही. म्हणूनच हा बदल करताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

प्रारंभीच्या काळात लिनक्ससाठी ‘लिलो’ हा बूट लोडर प्रचारात होता. कर्नल डिस्कवर कोणत्या जागी आहे याची तो नोंद करून ठेवीत असे. कर्नल बदलला आणि नोंद नव्याने केली नाही, तर संगणक अडून बसे. गाव सोडून गेलेल्या कुटुंबाचा शोध जुन्या घरक्रमांकावर घ्यावा, तसाच तो प्रकार. १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी ‘ग्रब’ची रचना आरंभिली. ग्रब डिस्कवरील फाइलव्यवस्था स्वतः वाचतो व कर्नल नावानिशी शोधतो. लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबविण्यात आला.

पुढे ग्रबचीही नव्याने बांधणी होऊन ‘ग्रब २’ तयार झाला. उबुंटूने ऑक्टोबर २००९ मधील ९.१० या आवृत्तीत आणि डेबियनने फेब्रुवारी २०११ मधील ६.० या आवृत्तीत त्याचा अंगीकार केला. भारतात सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

या स्थित्यंतरात दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी निवडसूचीची फाइल हाताने लिहिली जाई. ग्रब २ मध्ये ती फाइल आज्ञेद्वारे आपोआप तयार होते. तीत हाताने केलेला फेरफार पुढील वेळी पुसला जातो. दुसरे असे की, पूर्वी डिस्कच्या पहिल्या विभागास शून्य हा क्रमांक असे, आता तो एक झाला. सबब जुन्या ओळी जशाच्या तशा उतरविल्यास भलत्याच विभागाकडे बोट दाखविले जाते.

डेबियनने या प्रसंगी योजिलेली रीत अनुकरणीय होती. जुना ग्रब डिस्कच्या आरंभस्थानी तसाच ठेवून त्याच्या निवडसूचीत ग्रब २ कडे नेणारी एक ओळ घालण्यात येई. त्या वाटेने संगणक नीट सुरू झाल्याची खात्री पटली, की मगच निराळी आज्ञा देऊन नव्यास कायम करावयाचे. नव्या विहिरीला पाणी लागल्याचे पाहिल्यावाचून जुनी विहीर बुजवू नये, हा कृषिजीवनातील शहाणपणा येथेही लागू पडतो.

आजही असा बदल करण्यापूर्वी महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. लिनक्स सुरू करता येईल असा पेनड्राइव्ह जवळ ठेवावा व तो आधी चालवून पाहावा. एकाहून अधिक डिस्क असल्यास बूट लोडर कोणत्या डिस्कवर बसवावयाचा, हे निश्चित करावे. संगणक जुन्या बायोस पद्धतीचा आहे की नव्या यूईएफआय पद्धतीचा, हेही पाहावे. कारण दोहोंत बूट लोडरची जागा भिन्न असते. परीक्षेच्या वा वेतनदेयकांच्या दिवसांत हे काम हाती घेऊ नये.

इतके करूनही संगणक सुरू झाला नाही, तर घाईने डिस्क पुसून प्रणाली पुन्हा बसवू नये. बूट लोडर बिघडला म्हणजे नोंदी नष्ट झाल्या असे नव्हे. दार अडकले म्हणून कोणी घर पाडीत नाही. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ग्रब पुनश्च बसविता येतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी अशा प्रसंगी हरवतात, त्या बहुधा बिघाडामुळे नव्हे, तर उतावीळपणामुळे. तेव्हा धीर आणि पूर्वतयारी हीच या कामातील खरी साधने होत.