अर्ज यंत्राचा, शब्द तिचे

(पनवेल येथे कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



आपल्या केंद्रात निम्मा दिवस अर्ज लिहिण्यात जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आता मोबाईलवर मराठीत सांगितलं तरी मसुदा मिळतो. सुरुवात साध्या कामाने करा. महानगरपालिकेकडे वस्तीतल्या पाण्याची माहिती मागायची आहे? महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमानुसार माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर, साधारण १५० शब्दांत हवा. तेवढ्यात बसवून द्यायला यंत्राला सांगा.

छळाच्या तक्रारीत मात्र जपून. यंत्र सहज ४९८अ कलम लिहून देतं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ लागतात. त्याआधीच्या घटनांना जुनंच कलम. चुकीचं कलम म्हणजे बाईला परत पाठवायला निमित्त. म्हणून वकिलाकडून तपासून घ्या.

तिचं नाव, पत्ता, दवाखान्याचे कागद यंत्रात घालू नका. नावाची जागा मोकळी ठेवा, नंतर हाताने भरा. तिचा फोन नवरा तपासत असेल, तर त्या फोनवर हे काम नकोच.

शेवटी मसुदा तिला मोठ्याने वाचून दाखवा. ती म्हणाली असेल, ‘तीन दिवस उपाशी ठेवलं’, आणि यंत्राने लिहिलं असेल, ‘मानसिक त्रास दिला’, तर तिचंच वाक्य परत घाला. उद्या कोर्टात उलटतपासणी तिची होणार आहे. कागदावर जे आहे ते तिला आपलं म्हणून सांगता आलं पाहिजे.