जॅकनें पडावें कीं पडूं नये ?



आज बोलावयाचें आहे तें अडीचशें वर्षांहून अधिक काळ एकाच टेंकडीवरून पडत असलेल्या एका मुलाविषयीं. जॅक आणि जिल पाणी आणावयास टेंकडीवर चढतात, जॅक पडतो, त्याचें डोकें फुटतें आणि जिलही त्याच्या मागोमाग गडगडत खालीं येते. हें इंग्रजी बडबडगीत अठराव्या शतकांत छापलें गेलें. आज मुंबई-पुण्याच्या मराठी घरांतलें तीन वर्षांचें मूलही तें हातवारे करून म्हणून दाखवितें, आणि आलेल्या पाहुण्याला तें ऐकून घ्यावें लागतें.

अशा गाण्यांतली पडझड व मारझोड कोंवळ्या मनाला बाधते, म्हणून तीं मवाळ करावींत, असें म्हणणारा एक पक्ष आहे. तो आजचा नव्हे. १९५२ सालीं मँचेस्टरच्या जॉफ्री हँडले-टेलर यांनीं दोनशें पारंपरिक गाणीं तपासलीं आणि जवळजवळ निम्म्यांवर ठपका ठेविला. मारहाणीपासून खुनापर्यंतची यादीच त्यांनीं दिली. पुढें २००९ सालीं बी. बी. सी.च्या मुलांच्या एका कार्यक्रमांत हम्टी डम्टीचा शेवट बदलण्यांत आला. मूळ गाण्यांत राजाचे घोडे नि राजाची माणसें भिंतीवरून पडलेल्या हम्टीला पुन्हा सांधूं शकत नाहींत. नव्या पाठांत तीं त्याला पुन्हा आनंदी करतात. मूळ पाठही आम्ही लावतोंच, हा केवळ गंमतीचा आहे, असा खुलासा संस्थेनें केला. असेल तसें.

परंतु या गंमतींत एक गोष्ट हातची गेली. हम्टी डम्टी हें मुळांत कोडें आहे. गाण्यांत अंड्याचें नांव कोठेंही येत नाहीं. जो पडला असतां राजाच्या साऱ्या लवाजम्यालाही जोडतां येत नाहीं, असा तो कोण, हें ऐकणाऱ्यानें ओळखावयाचें. पुस्तकांतल्या चित्रांनीं उत्तर आधींच फोडल्यामुळें आज कोणी तें ओळखावयास बसत नाहीं, ही गोष्ट निराळी. हम्टीला सांधतां येत नाहीं ही त्यांतली क्रूरता नव्हे. कोड्याची किल्लीच ती आहे. तो बरा झाला कीं तो अंडें राहत नाहीं.

जॅकचें तसें नाहीं. त्याच्या डोक्याला उपाय आहे, आणि तो गाण्यांतच सांगितलेला आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमचा चार वर्षांचा नातू न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर घसरला आणि उंबरठ्याची कड त्याच्या कपाळाला लागली. दोन टांके पडले. त्या दिवसापासून सूनबाईंनीं जॅकला पडूं देण्याचें बंद केलें. त्यांचा जॅक भरली बादली घेऊन सुखरूप घरीं येऊं लागला. मी कांहीं बोललों नाहीं. गाणें म्हणतांना त्या माउलीच्या डोळ्यांपुढें जॅकचें कपाळ नव्हतें. दोन दिवस नातवानें निमूटपणें ऐकून घेतलें. तिसऱ्या दिवशीं त्यानें चित्रांचें पुस्तक उघडून जॅकवर बोट ठेविलें आणि विचारलें, "आई, हा पडला नाहीं, तर मग ह्याला पट्टी कशाला बांधली?"

सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. तेव्हां मीं त्याला पुढचें कडवें सांगितलें, जें शाळांतून बहुधा गाळलें जातें. जॅक उठून घरीं धांवतो, आणि त्याच्या डोक्याला शिरका व तपकिरी कागद लावतात. शिरक्यांत भिजविलेला जाड कागद मुक्या मारावर बांधणें हा त्या काळचा तिकडचा घरगुती इलाज. आपल्या घरीं आंबेहळद उगाळून लेप देतात, त्यांतलाच प्रकार. नातवानें एवढेंच विचारलें, "आजोबा, तें झोंबतें का?" आपल्याला पडलेल्या टांक्यांशीं तो त्याचा ताळा पाहत होता. जॅक पडलाच नसता, तर ताळा कशाशीं पाहिला असता? (उघड्या जखमेला शिरका कोणीं लावूं नये, आणि डोक्याला मार लागलेलें मूल ओकूं लागलें किंवा गुंगूं लागलें, तर गाणें, लेप, सगळें बाजूस ठेवून तडक डॉक्टरांकडे जावें.)

आपल्याकडे मूल पडलें म्हणजे आजी म्हणते, "ऊठ, ऊठ, मुंगी मेली बघ!" मूल रडें विसरून मुंगी शोधूं लागतें. ही युक्ति मला मोठी शहाणपणाची वाटते. तींत पडणें नाकारलेलें नाहीं. केवळ मुलाचें लक्ष दुसऱ्या कोणाच्या दुःखाकडे वळविलें आहे. फरशीला "हात् रे" म्हणून चापटी मारण्याची दुसरी रीत मात्र मला कधींच रुचली नाहीं. पडावें आपण आणि मार खावा फरशीनें, हा न्याय मुलें फार लवकर शिकतात.

याचा अर्थ कोणतेंही गाणें जसेंच्या तसें चालूं द्यावें असा नव्हे. माझ्या वर्गांत एक मुलगा एका पायानें अधू होता. मधल्या सुट्टींत तो पायरी उतरूं लागला, कीं पोरें टाळ्या पिटून त्याच्या चालीवर एक गाणें म्हणत. त्यांत रक्त नव्हतें, खून नव्हता. हँडले-टेलर यांच्या यादींत तें कदाचित् आलेंही नसतें. पण तो मुलगा सुट्टींत बाहेर येईनासा झाला. जॅक कोणाच्या वर्गांत बसत नाहीं. हा बसत होता. तें गाणें मीं त्याच दिवशीं बंद केलें, आणि त्याबद्दल लांबलचक उपदेशही केला नाहीं.

पोरें आठ दिवस गप्प होतीं. मग त्यांनीं नवें गाणें जुळविलें. त्यांत मास्तर डुलक्या घेतां घेतां खुर्चीसकट कोसळतात आणि त्यांची टोपी शाईच्या दौतींत पडते. सर्वांत मोठा आवाज त्या अधू मुलाचा होता. मी दाराआड उभा राहून तें सबंध ऐकलें. यमकें बरीं साधलीं होतीं. तें गाणें मीं बंद केलें नाहीं.