भागाकार केव्हां संपतो ?

आजचा विषय ऐकून कित्येकांच्या डोळ्यांपुढें शाळेंतील पाटी-पेन्सिल उभी राहील, आणि तिच्याबरोबर गणिताच्या तासाची जुनी धास्तीहि. ती धास्ती बाजूला ठेवावी अशी प्रारंभींच विनंति आहे. कारण आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, त्याला गुणाकार आणि साधा भागाकार यांपलीकडची कसलीहि विद्या लागत नाहीं. प्रश्न असा : एकाला आठानें भागलें तर तीन अंकांत भागाकार पुरा होतो, ०.१२५ हें उत्तर येतें आणि बाकी कांहीं उरत नाहीं. एकाला तिनानें भागलें तर मात्र ०.३३३ असे तिनावर तीन येत राहतात, आणि कागद संपला तरी भागाकार संपत नाहीं. आठ ही तिनाहून मोठी संख्या. मग मोठ्या संख्येनें भागतांना सुटका लौकर व्हावी आणि लहान संख्येनें भागतांना ती कधींच होऊं नये, हें कसें? आणि प्रत्यक्ष भागाकार न मांडतां, केवळ अपूर्णांकाकडे पाहून, त्याची पुढची गत आधींच सांगतां येईल काय?

प्रथम भागाकार चालतो कसा, तें पाहूं. एकाला सातानें भागावयाचें आहे असें समजा. प्रत्येक पायरीवर बाकीपुढें शून्य घ्यावयाचें आणि पुन्हां सातानें भागावयाचें, एवढीच ती कृति. सातानें भागतांना बाकी शून्य तरी राहील, नाहीं तर एकापासून सहापर्यंतची एखादी संख्या राहील. याखेरीज निराळी बाकी संभवत नाहीं. येथें क्रमानें ३, २, ६, ४, ५ आणि १ अशा बाक्या राहतात, आणि भागाकारांत १४२८५७ हे अंक उमटतात. सहाव्या वेळीं बाकी एक राहिली. पण आपण प्रारंभ तर एकापासूनच केला होता. तेव्हां ज्या वाटेनें एकदां गेलों तीच वाट पुन्हां पायाखालीं आली, आणि यापुढें १४२८५७ हेच सहा अंक त्याच क्रमानें अनंत काळपर्यंत फिरत राहणार. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अपूर्णांकाच्या भागाकाराला दोनच गती आहेत. एक तर केव्हां तरी बाकी शून्य राहते आणि भागाकार थांबतो. त्याला खंडित दशांश म्हणतात. नाहीं तर पूर्वीं येऊन गेलेली बाकी परत येते आणि अंकांचें रहाटगाडगें सुरू होतें. त्याला आवर्ती दशांश म्हणतात. तिसरी गति नाहीं.

आतां कोणत्या अपूर्णांकाच्या वांट्याला कोणती गति, हा मुख्य प्रश्न. दशांश चिन्हापुढें कांहीं अंक येऊन भागाकार थांबला, म्हणजे वस्तुतः काय झालें? ०.१२५ म्हणजे हजार भागांपैकीं एकशें पंचवीस भाग, ०.२५ म्हणजे शंभरांपैकीं पंचवीस. अर्थात् थांबणारा दशांश म्हणजे ज्याचा छेद दहा, शंभर, हजार, दहा हजार अशांपैकीं एखादा आहे असा साधा अपूर्णांकच होय. म्हणून ‘भागाकार संपेल काय?’ असें विचारणें आणि ‘या अपूर्णांकाचा छेद बदलून दहा, शंभर, हजार यांपैकीं एखादा करतां येईल काय?’ असें विचारणें, या दोहोंचा अर्थ एकच.

मग या दहा, शंभर, हजार संख्या कशाच्या घडलेल्या आहेत, तें पाहिलें पाहिजे. दहा म्हणजे दोन गुणिलें पांच. शंभरांत दोनदां दोन आणि दोनदां पांच. हजारांत तीनदां दोन आणि तीनदां पांच. या रांगेंत कितीहि पुढें गेलें तरी दोन आणि पांच यांवांचून तिसऱ्या मूळ अवयवाला तेथें प्रवेश नाहीं. आतां ३/४० हा अपूर्णांक घ्या. चाळीस म्हणजे तीन दोन आणि एक पांच. जोडी जमावयास दोन पांच कमी पडतात. म्हणून अंश आणि छेद या दोहोंनाहि पंचविसानें गुणा. ७५/१००० झाले, म्हणजे ०.०७५. काम संपलें. परंतु छेदांत तीन, सात किंवा अकरा असा एखादा परका अवयव असला तर? अतिसंक्षिप्त रूपांतील अपूर्णांकाचा छेद बदलून दुसरा पूर्णांक करावयाचा, तर अंश आणि छेद यांना एकाच पूर्णांकानें गुणणें हा एकच मार्ग असतो. आणि गुणाकारानें नवे अवयव येऊन मिळतात, असलेले जात नाहींत. छेदांत शिरलेला तीन तेथें राहणारच, आणि तो आहे तोंपर्यंत त्या छेदाचा दहा, शंभर किंवा हजार कधींहि होणार नाहीं.

म्हणून नियम असा ठरतो : अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपांत आणावा, त्याच्या छेदाचे मूळ अवयव पाडावेत, त्यांत केवळ दोन आणि पांच असतील तर भागाकार संपेल, तिसरा कोणीहि असेल तर संपणार नाहीं. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपांत आणावा, ही अट मात्र विसरूं नये. ३/१२ या अपूर्णांकाच्या छेदांत तीन आहे खरा. पण तो अंशांतील तिनाबरोबर उडून जातो, १/४ राहतो, आणि ०.२५ असें सरळ उत्तर येतें. उलट ५/१२ मध्यें तो तीन उडत नाहीं, आणि ०.४१६६६ असें न संपणारें उत्तर हातीं येतें.

हा नियम केवळ ‘संपेल कीं नाहीं’ एवढेंच सांगून थांबत नाहीं. किती अंकांनीं संपेल, तेंहि सांगतो. छेदांत दोन किती वेळां आहे आणि पांच किती वेळां आहे तें मोजा. यांतील मोठी संख्या तितकीं दशांश-स्थळें. ऐंशींत दोन चार वेळां आणि पांच एकदां. म्हणून १/८० चार स्थळांत संपतो : ०.०१२५. एक हजार चोवीस म्हणजे दहा वेळां दोन. म्हणून १/१०२४ बरोबर दहा स्थळांत संपतो, अकरावें लागत नाहीं आणि नऊंत भागत नाहीं. हा छेद चार अंकी, आणि तरीहि त्याचा भागाकार संपतो. तीन हा एकअंकी छेद, आणि त्याचा संपत नाहीं. प्रारंभीं विचारलेल्या कोड्याचें उत्तर तें हेंच. येथें संख्येच्या मोठेपणाला किंमत नाहीं. तिच्या कुळाला आहे.

हें कूळ फार लहान आहे. एकापासून शंभरापर्यंत दोन आणि पांच यांनींच घडलेल्या संख्या, एक धरून, अवघ्या १५ भरतात. हजारापर्यंत गेलें तरी त्या २९ च होतात. तेव्हां जगांतील बहुतेक छेद न संपणाऱ्या वर्गांतले आहेत. मग व्यवहारांत आपल्याला ही अडचण पदोपदीं कां भासत नाहीं? कारण व्यवहारानें आपले अपूर्णांक फार धोरणानें निवडले. आपल्याकडे घरोघर मुलांकडून जीं कोष्टकें पाठ करवून घेत, तीं आठवा : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. हीं सर्व पाव आणि अर्धा यांचीं कोष्टकें. तिसऱ्या हिश्श्याचें त्यांत नांव नाहीं.

जुना रुपयाहि याच घडणीचा होता. त्याचे आणे सोळा, पैसे चौसष्ट. म्हणजे दोन आणि दोनच. पण आण्याच्या पै बारा, म्हणून रुपयाच्या पै एकशें ब्याण्णव. आणि एकशें ब्याण्णव म्हणजे चौसष्ट गुणिलें तीन. येथें तीन हळूच आंत शिरला. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हां या तिनानें आपलें अस्तित्व दाखविलें. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. जुना पैसा म्हणजे १.५६२५ नवे पैसे. हे आंकडे गैरसोयीचे खरे, पण संपणारे. पैचें मात्र ०.५२०८३३३ असें होतें, आणि तें कोठेंच संपत नाहीं. आण्याची अडचण नाण्याची होती. पाव नवा पैसा पाडला असता तर ती मिटली असती. पैची अडचण दशमानाची होती. नव्या पैशाचे शंभर किंवा लाख भाग केले असते तरी ती मिटली नसती.

पाव पैशाचें नाणें नव्हतें, म्हणून सरकारी कोष्टकांत एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे धरले गेले. या हिशेबानें एकेक आण्याच्या तीन वस्तु निरनिराळ्या घेतल्या तर १८ नवे पैसे पडावेत, आणि तीन आण्यांचें देणें एकदम दिलें तर १९. संख्येचें शेपूट कापलें, कीं कापलेला तुकडा कोणाच्या तरी पदरांत पडतोच. त्या काळांत तो कधीं दुकानदाराच्या पडे, कधीं गिऱ्हाइकाच्या.

येथवर आपण दहा हीच मूळ संख्या धरून चाललों. पण दहाला हा मान कोणीं दिला? आपल्या हातांच्या बोटांनीं. सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीं बाबिलोनी लेखक मातीच्या विटांवर हिशेब लिहीत, तो साठाच्या पद्धतीनें. साठांत दोन आणि पांच तर आहेतच, शिवाय तीनहि आहे. म्हणून तेथें तिसरा हिस्सा बिनतक्रार संपतो. तासाचीं साठ मिनिटें ही त्याच पद्धतीची आपल्या घरांतील खूण. तासाचा तिसरा हिस्सा बरोबर वीस मिनिटें. पण सातवा हिस्सा काढा : ८ मिनिटें, ३४ सेकंद, आणि सेकंदाचे साठ भाग केले तर १७, त्यापुढें पुन्हां ८, ३४, १७. साठाच्या कुळांत सात नाहीं. त्या लोकांनाहि हें ठाऊक होतें. त्यांच्या भागाकाराच्या नेहमींच्या कोष्टकांत सात, अकरा, तेरा हे भाजक गाळलेले आढळतात. यावरून ध्यानांत येईल, कीं संपणें किंवा न संपणें हा त्या राशीचा गुण नव्हे. तिसरा हिस्सा हा तिसरा हिस्साच आहे, पूर्ण निश्चित आहे. तो दहाच्या भाषेंत लिहूं लागलों म्हणजे लांबतो, साठाच्या भाषेंत दोन अक्षरांत आटोपतो.

आणि भाषा बदलली म्हणजे आपला अत्यंत परिचयाचा अपूर्णांकहि परका होऊं शकतो. संगणक दोनच अंकांनीं, शून्य आणि एक यांनींच, लिहितो. त्याच्या कुळांत एकटा दोन. पांचाला तेथें थारा नाहीं. म्हणून एक दशांश, जो आपण ०.१ असा एका अंकांत लिहितों, तो त्या यंत्रांत कधींच संपत नाहीं. कोठें तरी त्याला कापावाच लागतो. सन १९९१ च्या आखाती युद्धांत अमेरिकेच्या पॅट्रिअट नांवाच्या क्षेपणास्त्र-प्रतिकारक यंत्रांत वेळ सेकंदाच्या दशांशांनीं मोजला जात असे, आणि हा एक दशांश द्विमान चोवीस स्थळांत बसविण्यासाठीं कापलेला होता. कापलेला तुकडा सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढा, किंबहुना त्याहून किंचित् कमीच. पण सौदी अरेबियांतील धाहरान येथील यंत्र सतत सुमारें शंभर तास चालू होतें. शंभर तासांत दशांश-सेकंद होतात छत्तीस लाख. तितके तुकडे सांठून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी चूक झाली. तेवढ्या वेळांत येणारें स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटराहून अधिक अंतर तोडतें. यंत्रानें त्याला भलत्याच जागीं शोधलें. २५ फेब्रुवारी रोजीं तें सैनिकांच्या निवासावर पडलें आणि २८ माणसें मृत्यु पावलीं. दुरुस्त केलेली आज्ञावली तेथें पोहोंचली, ती दुसऱ्या दिवशीं.

कापणें हा कांहीं अपराध नव्हे. न संपणारी संख्या कागदावर असो वा यंत्रांत असो, कोठें तरी कापावीच लागते. आपण नेहमीं तें करतों. शंभर रुपये तिघांच्या खात्यांत सारखे घालावयाचे झाले तर प्रत्येकाला ३३.३३ देऊन एक पैसा उरतो, आणि त्याचें काय करावयाचें तें ठरवून आपण मोकळे होतों. अपाय होतो तो कापलें आहे याचा विसर पडल्यानें, आणि विसरलेली ती चूक लाखों वेळां गिरविल्यानें. म्हणून यापुढें दशांशांत लिहिलेला एखादा आंकडा समोर आला, तर भागाकार आपण होऊन थांबला, कीं कोणी तरी त्याला थांबविलें, एवढें विचारण्याची संवय लावून घ्यावी. त्यासाठीं छेदाचे अवयव पाडणें पुरेसें आहे. तेथें दोन आणि पांच यांखेरीज कोणी आढळला नाहीं, आणि नियमानें सांगितलेलीं सारीं स्थळेंहि लिहिलेलीं असलीं, तर उत्तर पुरें आहे असें निःशंकपणें समजावें. एरवीं कांहीं तरी मागें राहिलें आहे असें समजावें आणि त्याची नोंद ठेवावी.